शहाण्णवावा ठोका

हेमचंद्र कुलथेच्या पायाला भिंगरी होती म्हणावं, तर हा माणूस चौदा वर्षं एकाच प्लांटमध्ये, एकाच ऑफिसात, एकाच खुर्चीवर टिकून होता. भिंगरी पायाला नव्हती, पायातच होती. कुठेही बसला की त्याचा उजवा पाय आपणहून ठेका धरायचा. जेवताना, बसमध्ये, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, अगदी पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसवलं तरीसुद्धा. लहानपणी चिंचवडला आई ओरडायची, पाय थांबव. लग्नानंतर मृणालिनी ओरडायला लागली, आणि ओवीला बोलायला यायला लागल्यावर तीही म्हणायला लागली, "बाबा, युअर लेग." तिघींचंही त्याने ऐकलं नाही. पाय आपल्याला विचारून हलत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

पायाचं सोडा, कान मात्र लाखात एक. आखातातल्या रुवैसला एका मोठ्या प्लांटमध्ये पंप, मोटारी, कॉम्प्रेसर अशी फिरणारी यंत्रं तपासायचं त्याचं काम. यंत्राची थरथर मोजायला कंपनीने महागडी उपकरणं दिली होती, ती तो वापरायचाही. पण आधी खिशातून लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचा आणि मूठ कानाच्या हाडाला लावून डोळे मिटायचा. पिंपरीच्या कारखान्यात असताना एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलेली ही विद्या. मिनिटभराने डोळे उघडून सांगायचा की अजून तीन आठवडे चालेल, मग जाईल. आणि ते यंत्र तीन आठवड्यांनी खरंच जायचं. स्वातचा पठाण हमदुल्ला त्याच्या हाताखाली फिटर होता. तो नव्या लोकांना सांगायचा, "हेमभाई ने बोल दिया ना, खलास."

सोमवार ते शुक्रवार रुवैसच्या कॅम्पातली खोली आणि शनिवार-रविवार शारजात अल नहदातलं घर, असं त्याचं आयुष्य चालायचं. मृणालिनीची नोकरी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, ओवीची शाळा शारजात, त्यामुळे दोघींना रुवैसच्या वाळवंटात नेण्याचा विषय कधीच संपला होता. शुक्रवारी अर्धा दिवस भरला की कंपनीची बस दोनला निघायची आणि सहाच्या सुमाराला नहदाच्या सिग्नलपाशी सोडायची. परत जायला दोन बस होत्या. एक रविवारी संध्याकाळी पाचची आणि दुसरी सोमवारी पहाटे साडेतीनची. पहाटेची ती नुकतं लग्न झालेल्यांची, घरातून पाय न निघणाऱ्यांची बस. ते लोक सुजलेल्या डोळ्यांनी थेट ड्यूटीवर उतरायचे. हेमचंद्रने चौदा वर्षांत ती बस कधी धरली नाही. सोमवारी सकाळी कान ताजे पाहिजेत, असं तो म्हणायचा.

घरी आल्यावरही त्याला चैन नसायचं. बूट काढता काढता तो फ्रिज ऐकायचा. मग वॉशिंग मशीन, मग एसी, मग शेजारच्यांचाही एसी. मृणालिनी विचारायची की तू घरी येतोस की इन्स्पेक्शनला. तो हसायचा, पण तिच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. पाच दिवस त्याच्याशिवाय चालणारं घर दोन दिवस त्याला कुठे बसवावं हे विसरून जायचं. दूध कुणी आणायचं, क्लासला कुणी सोडायचं, सगळं आधीच ठरलेलं. घर नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या यंत्रापाशी त्याला आजवर कधी काही काम पडलं नव्हतं. मग तो नळाचे वॉशर बदलायचा. एकदा तर चांगला चालणारा मिक्सर उघडून बसला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. त्या दिवशी चटणी खलबत्त्यात झाली.

म्हणूनच त्या शनिवारी ओवीने येऊन त्याच्याकडे काहीतरी मागितलं, तेव्हा त्याचा विश्वास बसेना.

ओवी पंधरा संपून सोळाव्यात गेली होती आणि इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या दहावीला होती. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे होते. तिला इंग्रजी साहित्य घ्यायचं होतं आणि हेमचंद्रला तिने फिजिक्स घ्यावं असं वाटत होतं. महिनाभर त्यावर घरात धुसफुस चालली होती. शेवटी हेमचंद्रने एक अट घातली. इंग्रजीच्या मिस त्या महिन्यात एक तोंडी परीक्षा घेणार होत्या, वीस मार्कांची. एक कविता पाठ म्हणायची आणि तिची रचना, तिच्यातले आवाज यांवर पाच मिनिटं बोलायचं. सतरा मिळाले तर साहित्याच्या फॉर्मवर सही करतो, तो म्हणाला होता. सतरा हा आकडा त्याने आपला असाच हवेतून काढला होता. पण बापाने तोंडातून काढलेला आकडा परत तोंडात घालता येत नाही.

ओवी कवितेचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, कॅन यू कीप अ बीट फॉर मी? मी फास्ट होते. टेबलवर टॅप कर ना."

त्याने चमचा हातात घेतला. मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाहू लागली.

कविता आयर्लंडची होती, शंभरेक वर्षांपूर्वीची. समुद्रकाठच्या एका गावातला माणूस, गावात काम नाही म्हणून दुसऱ्याच कुणाच्या तरी सैन्यात भरती होऊन दूरच्या लढाईला गेलेला. कविता त्याच्या बायकोच्या तोंडची. ती फक्त आपली कामं सांगत जाते. बटाटे काढले, गवत रचलं, होडी वाळूवर ओढली. लढाईचं एक अक्षर बोलत नाही. पण ओळींच्या तळाशी सैन्याचा ढोल चालूच राहतो, कारण प्रत्येक ओळीत चार ठोके. चार ओळींचं कडवं, अशी सहा कडवी. कामांच्या शब्दांत ट आणि क यांची खडखड, बुटांसारखी. समुद्राचा उल्लेख आला की म, न, ल यांची मऊ गुणगुण. हे सगळं ओवीने रंगीत पेनांनी कागदावर दाखवलं होतं.

"कोणाच्या बाजूने लढत होता तो?" हेमचंद्रने विचारलं.

"डझन्ट मॅटर, बाबा. त्याची स्वतःची साइड नव्हती. पगार होता."

हेमचंद्रने खुर्ची पुढे ओढली आणि कागद नीट पाहायला लागला. ओळींच्या शेवटचे शब्द हिरव्या पेनाने गोल केले होते, आणि प्रत्येक हिरव्या गोलापासून खालच्या ओळीच्या मधल्या एका शब्दाकडे बाण गेला होता. ओवीने सांगितलं की ही आयरिश लोकांची जुनी रीत. यमक फक्त ओळींच्या शेवटी जुळवायचं नाही. वरच्या ओळीच्या शेवटी जो स्वर येतो, तो खालच्या ओळीने आपल्या पोटात उचलून घ्यायचा. म्हणजे एक ओळ संपली तरी तिचा आवाज पुढच्या ओळीत चालू राहतो.

"म्हणजे कपलिंग," हेमचंद्र म्हणाला. मोटारीची फिरकी पंपाला पोचवायला मध्ये जो जोड असतो, तो त्याने हातांनी करून दाखवला. ओवी हसली आणि तिने वहीत इंग्रजीत लिहून घेतलं की वडील म्हणतात, कपलिंग. आपलं बोलणं मुलीने लिहून घेतलेलं त्याने पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्या रात्री जेवताना त्याचा पाय इतक्या जोरात चालला होता की टेबलावरचं ताक हिंदकळलं.

रविवारी दुपारी चमचा बाजूला ठेवून त्याने तिचं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि पाचच्या बसने रुवैसला गेला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने ते रेकॉर्डिंग कामाच्या कॉम्प्युटरवर चढवलं. यंत्राची थरथर ज्या आलेखात बघायची, त्या आलेखात मुलीचा आवाज उभा राहिला. उंच टोक म्हणजे ठोका. त्याने टोकं मोजली. सहा कडवी, चोवीस ओळी, ओळीला चार या हिशेबाने शहाण्णव ठोके हवेत. भरले पंच्याण्णव. पुन्हा मोजले, पुन्हा पंच्याण्णव. मग त्याने शोधून काढलं की शेवटच्या कडव्यातल्या तिसऱ्या ओळीत एक कमी आहे. बाई म्हणते की मी दार उघडं ठेवलं, आणि ओळ तिथेच संपते. तीन ठोके. चौथा गायब.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असल्याच वेळी. ज्या माणसाने आयुष्यभर चुकलेला ठोका म्हणजे बिघाड हेच पाहिलं, तो दुसरं काय म्हणणार? नियमात चालणारं यंत्र मध्येच एक ठोका गाळतं तेव्हा दात तुटलेला असतो किंवा बेअरिंग खाल्लेलं असतं. हेमचंद्रने ओवीचा फोटोकॉपी केलेला कागद आठवला. त्याची उजवी कड कापली गेली होती. त्याच्या मनाने घेतलं की झेरॉक्समध्ये एक शब्द उडालाय. प्लांटच्या मॅन्युअल्समध्येही असं व्हायचं, आणि उडालेले आकडे त्याने कितीदा तरी अंदाजाने बरोबर भरले होते.

पुढच्या शनिवारी त्याने ओवीला हा शोध सांगितला. स्वतःच एक शब्दही सुचवला, ‘स्टिल’. अजून. दार उघडं ठेवलं, अजून. अर्थ बसतो, ठोका भरतो, आणखी काय पाहिजे? ओवीने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. कवितेत आपण शब्द घालू शकत नाही, असं ती हळूच म्हणाली. तो म्हणाला की आपण घालत नाही, गळलेला परत बसवतोय. तो इतक्या उत्साहात होता, चमचा इतका तयारीत धरला होता, की ओवीने पुढे वाद घातला नाही. दोन दिवस त्या टेबलावर चमच्याचे शहाण्णव ठोके पुन्हा पुन्हा पडले. खालच्या मजल्यावरच्या मैमुनाबी भेटल्यावर मृणालिनीला विचारून गेल्या की घरात काही दुरुस्ती चालली आहे का.

परीक्षा गुरुवारी नऊ वाजता होती. गुरुवारी सकाळी रुवैसला सेफ्टी मीटिंग आटोपून हेमचंद्र साडेसातला खुर्चीत बसला. मन थाऱ्यावर नव्हतं. पोरगी किती सुधारली ते ऐकावं, म्हणून त्याने कानाला हेडफोन लावले आणि आधी पहिलं रेकॉर्डिंग लावलं, त्याच्या दुरुस्तीच्या आधीचं. शेवटचं कडवं आलं. दार उघडं ठेवलं, असं ओवी म्हणाली. मग शांतता. त्या शांततेत नहदाच्या घरातला फ्रिज ऐकू आला. मग चौथी ओळ.

हेमचंद्रचा पाय टेबलाखाली हलत होता. त्या शांततेत तो एकदा आपटला होता. आणि पुढच्या आपटण्याला ओवीचा पुढचा शब्द अचूक आला होता.

त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा ऐकलं. मग आलेख उघडला आणि या वेळी ठोके न मोजता ठोक्यांमधलं अंतर मोजलं. प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचे सहा दशांश. आणि त्या ओळीच्या शेवटी बरोबर एक पूर्णांक दोन दशांश. दुप्पट. ठोका गळाला असता तर वेळही गळाला असता. इथे वेळ पुरेपूर होता, त्यात फक्त आवाज नव्हता. मोजणीत कमी पडलेला शहाण्णवावा ठोका जागच्या जागी होता. त्या बाईने तो मोकळा सोडला होता, येणाऱ्या माणसासाठी.

ठोके मोजले आणि अंतर मोजायचं राहिलं. ही चूक ट्रेनी पोरांनी केली तर हेमचंद्र त्यांना चार माणसांत फाडून खायचा.

हमदुल्ला चहा घेऊन आला. हेमभाईचा चेहरा पाहून त्याने विचारलं की आज कुठला पंप रडतोय. हेमचंद्रने काही न सांगता हेडफोन त्याच्या कानाला लावले. हमदुल्लाला इंग्रजीचं गाडं फार पुढे हाकता येत नव्हतं. त्याने मान कलती करून ऐकलं, शेवटाला भुवया वर केल्या आणि म्हणाला, "इधर बच्ची रुकी है. भूली नहीं, रुकी है."

आठला दहा कमी होते. हेमचंद्रने ओवीला फोन लावला. बंद. शाळेत शिरताना फोन लॉकरमध्ये जातात हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने तीनदा लावला. मग मृणालिनीला लावला. ती ऑफिसला जाताना मिरदीफच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तिला आधी वाटलं की याला काही लागलं की काय. मग एका शब्दासाठी एवढा जीव काढतोय हे कळल्यावर ती म्हणाली की वळायलासुद्धा जागा नाही रे, शाळेत फोन कर.

शाळेच्या रिसेप्शनवर हाफिजा नावाची बाई होती, बोलायला फार गोड. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. घरी काही इमर्जन्सी आहे का, असं विचारलं. हेमचंद्र म्हणाला की इमर्जन्सी नाही पण अर्जंट आहे. कवितेतून एक शब्द काढायला सांगायचा आहे. तिने निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला आणि मधल्या सुट्टीत नक्की पोचवते, इन्शाल्ला, असं म्हणाली. मधली सुट्टी साडेदहाला. नऊच्या आधी काही जमेल का, असं त्याने विचारलं. वर्ग चालू असताना चिठ्ठी पाठवत नाही सर, ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

मग तो उठला आणि साहेबाच्या केबिनमध्ये गेला. फरदीन, त्याचा साहेब, वयाने लहान आणि स्वभावाने मोकळा होता. हेमचंद्र म्हणाला की मुलीच्या शाळेत जायचंय. चौदा वर्षांत हा माणूस असं कधी म्हणाला नव्हता, ना गॅदरिंगला, ना पेरेंट्स मीटिंगला, ना ओवीचा हात मोडला तेव्हा. फरदीन लगेच म्हणाला, "यल्ला, जा. कधी पोचायचंय?" हेमचंद्रने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. टॅक्सीला सातशे दिरहम लागले असते, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये, आणि तेही त्याने दिले असते. पण साडेतीनशे किलोमीटर काही पैसे घेऊन कमी होत नाहीत. नऊला पोचायचं होतं, असं म्हणून तो केबिनमधून बाहेर आला.

नऊ वाजता तो पंपांमध्ये उभा होता. स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवून त्याने कानाला लावला होता, पण ऐकू काही येत नव्हतं. चार पंप एका लयीत चालले होते आणि त्याला प्रत्येक चौथ्या फेऱ्याला तो शब्द ऐकू येत होता. स्टिल. स्टिल. त्याने स्वतः ठोकून बसवलेला.

दुपारी अडीचला ओवीचा मेसेज आला. पंधरा. बाकी काही नाही. त्याने विचारलं की चिठ्ठी मिळाली का. तिने अंगठा पाठवला. तो अंगठा आधी मिळाली म्हणून होता की उशिरा मिळाली म्हणून, हे त्याला कळेना. फोन करायचा धीर होईना. शुक्रवारी दोनच्या बसमध्ये चार तास त्याचा पाय असा चालला की शेजारी बसलेला अर्सलान उठून मागच्या सीटवर गेला.

घरी आल्यावर त्याने फ्रिज ऐकला नाही. बूट काढले आणि सरळ टेबलापाशी जाऊन बसला. मृणालिनीने चहा ठेवला. ओवी तिच्या खोलीतून आली, समोर बसली आणि पेन्सिलच्या पाऊचमधून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. शाळेचा शिक्का, खाली हाफिजाचं नीटनेटकं अक्षर. तुझ्या वडिलांचा निरोप आहे, तो शब्द म्हणू नकोस, चूक माझी होती.

"ब्रेकला मिळाली," ओवी म्हणाली. "नऊला झालं होतं सगळं."

तो म्हणाला की मी मिसना मेल लिहितो. दोष तुझा नव्हता, असं लिहितो. झेरॉक्सचं, आलेखाचं, सहा दशांशाचं तो घाईघाईने सांगायला लागला. ती जागा मोकळीच होती, मीच ती बुजवली, तुला कसं कळणार, असं म्हणाला.

"आय न्यू, बाबा," ओवी म्हणाली.

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"फर्स्ट डेपासून माहीत होतं. मिसने क्लासमध्येच सांगितलं होतं, इट्स अ सायलेंट बीट. झेरॉक्समध्ये काही उडालं नव्हतं." ती चिठ्ठीची घडी पुन्हा घालत होती. "ती लाइन म्हणजे संडे डिनर आहे. यू लीव्ह ॲट फाइव्ह. मग मी तीन प्लेट्स काढते, अँड देन आय पुट वन बॅक. एव्हरी संडे. सवयच आहे."

स्वयंपाकघराच्या दारात मृणालिनी हातातलं फडकं तसंच धरून उभी होती. हे तिलाही माहीत होतं. तिने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगून काय होणार होतं?

"मग म्हणालीस का तो शब्द?" हेमचंद्रने विचारलं. "माहीत होतं, तर का म्हणालीस? सतरा हवे होते ना तुला?"

ओवीने खांदे उडवले. तिला वाटलं होतं की एक मार्क जाईल, तीनचार जातील असं वाटलं नव्हतं. मिसने सगळ्यांसमोर विचारलं की कवितेत हा शब्द कुठून आला. ती म्हणाली होती की माझ्या बाबांना ती ओळ अशी ऐकू येते.

"बिकॉज यू पुट इट देअर," ती म्हणाली. "तिथे तू याच्या आधी कधी काही ठेवलं नव्हतंस. मला तो काढावासा नाही वाटला."

हेमचंद्रचा पाय थांबला होता. तो थांबलाय हे त्याला स्वतःलाच दोन मिनिटांनी कळलं. त्याला रडायला येत होतं आणि चहा समोर निवत होता. यंत्रांच्या पोटात कान घालून बसलेल्या माणसाला आपल्या घरातली एवढी मोठी शांतता चौदा वर्षं ऐकू आली नव्हती. लाज वाटली त्याला, आणि त्या लाजेच्याही वर असा काही आनंद झाला की तो लपवायला त्याने फॉर्म मागितला.

ओवी म्हणाली की पंधराच मिळालेत. माहीत आहे, तो म्हणाला, फॉर्म आण. साहित्याच्या चौकटीपुढे त्याने सही केली. खाली पालकांचा अभिप्राय लिहायला तीन रेघा होत्या. त्या कशा भरतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने आयुष्यभर जे लिहिलं तेच लिहिलं, रोजच्या तपासणीच्या रिपोर्टासारखं. यंत्र उत्तम. आवाज स्वच्छ. दोष मोजणाऱ्याचा. ओवीने ते वाचलं आणि खाली मान घालून हसत राहिली. खोडावं की राहू द्यावं, तिला ठरवता येईना. मग तिने राहू दिलं.

रविवारी चार वाजले तरी दाराशी त्याची बॅग आली नाही. मृणालिनीने बस चुकेल म्हणून हाक मारली. तो बाल्कनीतून म्हणाला की पहाटे साडेतीनची धरतो.

"ती? नुकतं लग्न झालेल्यांची?" मृणालिनी म्हणाली. "सोमवारी डोळे सुजतील तुझे."

"सुजू देत. ऐकायला डोळे कुठे लागतात," तो म्हणाला.

आठ वाजता मृणालिनीने खिचडीचा कुकर उतरवला आणि पापड भाजायला घेतले. ओवीने सवयीने फळीवरून तीन ताटल्या काढल्या आणि सवयीनेच एक परत ठेवायला हात वर नेला. हात तिथे थोडा वेळ तसाच राहिला. मग तिसरी ताटलीही टेबलावर आली.

तिघं जेवायला बसली. टेबलाखाली हेमचंद्रचा पाय सुरू झाला, एका लयीत, आणि तीन पेल्यांमधलं पाणी हलायला लागलं. त्या दिवशी त्याला पाय थांबव असं कुणीही म्हणालं नाही.